लून आत्याचा भरला मासा

लून आत्या,

तुझा फोटो आता खानावळीच्या दारातच लावलाय. आधी गल्ल्याच्या वर होता, हातभर. आता पुरुषभर उंच आहे. पांढरा सदरा, काळी विजार, मानेवर घट्ट अंबाडा, आणि कुणीतरी रंग भरताना तुझ्या ओठांना लाली लावलीय. तू असतीस तर आधी ती लाली पुसली असतीस आणि मग लावणाऱ्याला पुसलं असतंस. ग्वांगचौहून बसगाड्या भरून लोक येतात, तुझ्या खांद्याला खांदा लावून उभे राहतात, फोटो काढतात आणि आत जाऊन भरला मासा मागवतात. मी परवा मुद्दाम जाऊन खाल्ला. यंत्रात वाटलेलं मांस, कातडं पोटाशी फाटलेलं, आणि ते दिसू नये म्हणून वर काळ्या घेवड्याचा दाट रस ओतलेला. तुझ्या भाच्याला, बिंगगिनला, तोंडावर सांगितलं, "हे मांजरासुद्धा खाणार नाही." तो हसला. म्हणाला, "बाई, आता लोकांना असाच आवडतो." आता त्याचंही डोकं पांढरं झालंय, त्याला काय बोलणार!

लोक विचारतात, ही बाई कोण. मग बिंगगिन डोळे पुसत एक गोष्ट सांगतो. आत्या सिंगापूरला गेली, श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक केला, म्हातारपणी घरी परतली, आम्ही तिला देवासारखी ठेवली. ती गोष्ट ऐकली की माझं डोकं उठतं. म्हणून लिहायला बसले. तुला सगळं ठाऊक आहे. पण तुला सांगता सांगता बाकीच्यांच्या कानावर पडलं तर बरंच.

तू शाचुंगची, माक घराण्यातली थोरली. आपल्याकडे तेव्हा मासळीची तळी, तळ्यांच्या बांधावर तुती, तुतीवर रेशमाचे किडे, आणि किड्यांची घाण परत माशांना. कुणाचंच काही वाया जात नसे, मुलीही नाहीत. रेशमाच्या गिरणीत धागा काढणाऱ्या मुली स्वतःचं कमवत, आणि ज्यांना नवरा नको असेल त्या अंबाडा घालत. कुमारिकेची वेणी सोडून बायकांचा अंबाडा, पण नवऱ्याविना. त्याचा सोहळा असे. ग्वानयिन देवीसमोर, आधीच अंबाडा घातलेली एखादी वडीलधारी बाई नव्या मुलीची वेणी सोडायची, विंचरायची आणि बांधायची. कोंबडा कापायचा, बहिणींना जेवण घालायचं. त्या दिवसापासून कुठल्या पुरुषाचा तिच्यावर हक्क नाही. आणि त्याच दिवसापासून माहेरच्या छपराखाली मरायचाही तिला हक्क नाही. लग्न न झालेल्या मुलीचा जीव घरात गेला तर घराचं वाटोळं होतं म्हणतात. म्हणून या बायकांनी गावोगाव आपापली घरं बांधली. आत्यांचं घर. तिथे राहायचं नसलं तरी चालेल, मरायला तिथे जायचं.

तुझ्या बापानं तुझं वखारवाल्याच्या मुलाशी ठरवलं. तो मुलगा अफूवर होता हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त तुझ्या बापाला नव्हतं, किंवा होतं. तेव्हा गिरण्या बंद पडलेल्या, अंबाडेवाल्या बायका बोटीनं सिंगापूरला चाललेल्या. तू पळालीस. तुला ना देवी मिळाली, ना कोंबडा, ना वडीलधारी बाई. धक्क्यावर एका भाजीवालीचा आरसा मागून घेतलास आणि आपल्या हातानं आपला अंबाडा घातलास. भाजीवाली म्हणाली, "वाकडा झालाय गं." तू म्हणालीस, "वाऱ्यामुळे दिसतो तसा." हे तूच मला सांगितलंस, आणि सांगताना इतकी हसलीस की तोंडातला चहा सांडला.

त्या वाकड्या अंबाड्याची किंमत तुला तेव्हा कळली नाही. कुणालाच कळली नसती.

सिंगापूरला तू तांदळाच्या एका व्यापाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरलीस आणि तिथेच म्हातारी झालीस. मालकिणीची पोरं लेंग माशासाठी हट्ट करायची. लेंग म्हणजे चवीला गोड आणि काट्यांचं नुसतं रान. एकाच्या घशात काटा रुतला, मालकिणीनं तुला मुस्काटात मारली. मग तू आपल्या गावची जुनी रीत हातात घेतलीस. पोटाशी एक चीर द्यायची, बोट आत घालून कातडं मांसापासून सोडवायचं, डोकं आणि शेपटी कातड्यालाच ठेवून मधला सगळा मासा बाहेर काढायचा. काट्यासकट मांस इतकं बारीक चिरायचं की काटा जिभेला लागू नये. त्यात सुकी कोळंबी, भिजवलेली आळिंबी, पाणशिंगाडा, संत्र्याची जुनी वाळकी साल, कोथिंबीर. तो गोळा वाडग्यात आपट आपट आपटायचा, चिवट होईपर्यंत. मग परत कातड्यात भरायचा, मासा पहिल्यासारखा दिसला पाहिजे, मंद आचेवर तळायचा. ताटात अख्खा मासा, आणि खाताना एकही काटा नाही. पोरं मोठी झाली, त्यांची पोरंही त्यावर वाढली. इकडे तुझ्या पैशावर तुझ्या भावाचं लग्न झालं, बिंगगिनची शाळा झाली, घराला मजला चढला. हिशेब मी सांगत नाही, तूही कधी सांगितला नाहीस.

तू परतलीस तेव्हा भाऊ गेला होता. मी शेजारच्या गल्लीत, शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते. तू घरात पाऊल टाकलंस तो दिवस मला आठवतो, कारण गल्लीतल्या सगळ्यांबरोबर मीही बघायला आले होते. बिंगगिनची बायको लायकान तुला वरची खोली दाखवत होती.

"आत्या, ही खोली तुमची. हवा आहे, ऊन आहे. राहा शंभर वर्षं."

"आणि एकशे एकाव्या वर्षी?" तू विचारलंस.

लायकान गडबडली. बिंगगिन हसत म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा बघू की आत्या! आल्या आल्या कसलं अभद्र बोलतेस?"

सगळे हसले. तूही. मी नाही हसले, कारण प्रश्न खरा होता आणि उत्तर कुणीच दिलं नव्हतं.

पुढे सगळीकडे दुकानं निघू लागली तशी बिंगगिननं खालच्या मजल्यावर खानावळ काढली. काय विकायचं हे त्याला ठरवावं लागलंच नाही. रस्त्याकडच्या खिडकीत फळी ठेवली आणि फळीपाशी तुला उभी केली. येणारे-जाणारे थांबून बघायचे. तुझं बोट कातड्याखालून सरकायचं, आणि मासा अंगातला सदरा उतरवावा तसा मांसातून सुटायचा. मी एकदा म्हटलं, "आत्या, माझी पोरं प्रयोगशाळेत बेडूक चिरतात, त्यांना तुझ्याकडे पाठवते."

"पाठव. पण चिरलेला बेडूक परत भरून ताटात ठेवणार असतील तरच पाठव," तू म्हणालीस. "नुसतं चिरायला काय, नवरेसुद्धा चिरतात."

लायकान आतून ओरडली, "आत्या, गिऱ्हाइकं आहेत!"

"त्यांनाही नवरे आहेत," तू म्हणालीस.

खानावळ चालली. लग्नाला वाफवलेलं अख्खं डुक्कर, म्हशीच्या दुधाची गोड दुहेरी साय, सगळं होतं. पण लोक माशासाठी येत. बिंगगिननं तुझा फोटो काढून घेतला. म्हणाला, "जुनाच पोशाख घाल आत्या, सिंगापूरचा." तू घातलास. मला म्हणालीस, "चाकरीचे कपडे उतरवायला चाळीस वर्षं लागली, आता भिंतीवर कायमचे चढले." कडवट बोलायची तुझी सवय होती, पण पुढच्या माशाला हात घालायला तू उशीर केला नाहीस. तुझा दोष सांगायचा तर हाच. ताटावर कुणी बसलं की तुझं स्वतःचं सगळं मागे पडायचं.

तुझ्या छातीत पहिल्यांदा कळ आली तेव्हा तू आत्यांच्या घरी जायचं ठरवलंस. ओढ्यापलीकडे, कमानीच्या पुलावरून उतरलं की डावीकडे. मधल्या काळात तिथे टोपल्या विणायचा कारखाना झाला होता, मग ते परत बायकांना मिळालं. तेव्हा आत मोजक्या म्हाताऱ्या उरल्या होत्या. सगळ्यात वडील आऊताई, कानानं अधू, डोळ्यांनी मंद, जिभेनं धडधाकट. मी तुझ्याबरोबर होते. तू नमस्कार केलास, म्हणालीस, "ताई, मला इथे एक खाट हवी. आज नको. वेळ येईल तेव्हा."

आऊताईनं तुझा अंबाडा चाचपला. "कुणी बांधला?"

"मी."

"आज नाही गं विचारत. पहिला. कुणाच्या हातचा?"

"माझ्याच हातचा. धक्क्यावर."

"देवी कुठली होती?"

"देवी नव्हती."

"बहिणी कोण होत्या जेवायला?"

"ताई, माझ्याजवळ मलाच जेवायला नव्हतं."

आऊताईनं अंबाड्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "मग तू अंबाडेवाली नाहीस बाई. तू नुसती लग्न न झालेली आहेस."

मला राग अनावर झाला. मी म्हटलं, "ताई, साठ वर्षं हिनं नवरा केला नाही, ते काय तुमच्या कोंबड्यासाठी थांबून होतं?"

"मास्तरीण, तू ओरडू नकोस, मला तसंही ऐकू येत नाही," आऊताई म्हणाली. "आमच्यातल्या कुणालाच छप्पर नव्हतं. हा एक नियमच आमचं छप्पर आहे. तो आज हिच्यासाठी काढला तर उद्या काय राहील?"

म्हणजे बघ. घरच्यांच्या लेखी तू पुरती अंबाडेवाली, म्हणून घरात मरायचं नाही. अंबाडेवाल्यांच्या लेखी तू अंबाडेवालीच नाही, म्हणून तिथेही मरायचं नाही. अख्ख्या शाचुंगमध्ये तुला जगायला वाटेल तेवढी जागा होती.

दारापर्यंत आलो तेव्हा आऊताईनं मागून हाक मारली. म्हणाली, वाट आहे. नव्यानं बांधून घे. देवीसमोर मी बांधीन. वडीलधारीला बोलावणं करायची रीत तुला ठाऊक आहे ना? आपल्या हातचं एक झाकलेलं ताट पाठवायचं. मी खाल्लं की मी शब्दानं बांधली गेले. आणि पुढे म्हणाली, "तुझा मासा पाठव. नाव फार ऐकलंय."

पुलावर तू थांबलीस. "साठ वर्षं डोक्यावर वागवला तो अंबाडा खोटा, असं मी आता कबूल करू? या वयात नवरीसारखी विंचरून घेऊ? त्यापेक्षा तळ्यात मरेन." मी समजावलं. तू ऐकलं नाहीस. लायकाननं दुसरी युक्ती काढली. पूर्वी करत तसं एखाद्या मेलेल्या माणसाच्या नावाशी लग्न लावायचं, म्हणजे त्याच्या घरी मरायची सोय होते. पलीकडच्या गावात असं एक कुटुंब तयार होतं.

"जिवंत अफूवाला नको म्हणून समुद्र ओलांडला," तू म्हणालीस, "आणि आता मेलेल्याच्या पाया पडू? मेलेला निदान अफू तरी पीत नसेल ना, विचार गं जरा."

तुझं मन बदललं ते झोपडीनं. तळ्याच्या बांधावर माशांचं खाद्य ठेवायची जुनी झोपडी होती. एक दिवस बिंगगिननं तुला तिथे नेलं. भिंतींना चुना दिला होता, खाट टाकली होती, नवी गादी, विजेचा दिवा. तो म्हणाला, "बघ आत्या, किती हवेशीर आहे." कशासाठी ते बोलला नाही. तूही विचारलं नाहीस. परत येऊन माझ्या ओट्यावर बसलीस.

"पोरगं चांगलं आहे," म्हणालीस. "दिवा लावलाय."

मग म्हणालीस, "मास्तरीण, मी मासा करते. तू नेऊन देशील ना आऊताईला? मी स्वतः नेला तर भीक मागितल्यासारखं दिसेल. दुसऱ्याच्या हातून गेला की बोलावणं होतं."

"देईन की," मी म्हटलं. "लगेच कर."

शरद ऋतू होता, लेंग अंगानं भरलेले. तू पहाटे स्वतः बाजारात जाऊन मासा निवडलास. दुपारी मी आले तेव्हा तो तळून तयार होता, झाकणाचा डबा धुऊन बाजूला ठेवलेला. तसा मासा तू त्याआधी केला नसशील. कातडं सोन्यासारखं, कुठे चीरसुद्धा दिसत नव्हती. इतक्यात बिंगगिन आला. हाँगकाँगचा कुणी बडा माणूस दहा पाहुणे घेऊन न सांगता आला होता, आणि स्वयंपाकघरातले लेंग संपले होते.

"आत्या, हा एक दे. तुझं उद्या करू."

मी म्हटलं, "हा द्यायचा नाही. हा बोलावण्याचा आहे."

"बाई, पाहुणे ताटावर बसलेत!"

तू माझ्याकडे पाहिलंस, माशाकडे पाहिलंस. मग स्वतःच उचलून थाळीत ठेवलास, वरून कोथिंबीर घातलीस. "ताटावर बसलेल्याला उठवता येत नाही, मास्तरीण. उद्या."

उद्या उजाडला तर तोच बडा माणूस आणखी मित्र घेऊन आला. तिसऱ्या दिवशी लग्न होतं. मग बिंगगिन म्हणाला, एवढा सणाचा आठवडा जाऊ दे, मग मीच ताट सजवून देतो. मी रोज यायची आणि तुझ्यावर डाफरायची. "आत्या, मासा कर." "करते गं. या टेबलाचं होऊ दे." बिंगगिन कधी नाही म्हणाला नाही, आणि तूही नाही. कुणी नाही म्हटलं असतं तर मला निदान भांडता आलं असतं.

तू पडलीस ती फळीपाशीच, बोट माशाच्या आत असताना. डावं अंग गेलं. मी पोचले तेव्हा तुला वेताच्या खुर्चीत बसवून चौघे मागच्या दारानं नेत होते. पुढच्या दारात गिऱ्हाइकं होती. लायकान वर छत्री धरून चालत होती, तुला ऊन लागू नये म्हणून.

"तिचा श्वास चालू आहे!" मी बिंगगिनला म्हटलं. "दवाखान्यात ने."

"डॉक्टर येऊन गेले, बाई. म्हणाले, आता काही उपयोग नाही."

"मग घरी ठेव. तिचं घर आहे ते. त्याची वीट न् वीट तिची आहे."

तो खरोखर रडत होता. "मला कळत नाही का? पण माझ्या पोरांनी इथेच राहायचंय. खाली चूल आहे, धंदा आहे. उद्या काही वाईट झालं तर लोक म्हणतील..." चौघे पुढे चालत होते. तुझे डोळे उघडे होते. तू सगळं ऐकलंस हे मला ठाऊक आहे.

मी आत्यांच्या घरी धावले. आऊताईला कानात ओरडून सांगितलं, आत्ताच्या आत्ता चल, झोपडीत येऊन बांध. ती उठली, काठी घेतली, आणि मग विचारलं, "बसू शकते का?"

"नाही."

ती परत खाली बसली. "निजलेल्या बाईचे केस आम्ही फक्त एकदाच विंचरतो. मेल्यावर."

मी तिला शिव्या दिल्या. तिनं ऐकल्या की नाही, कोण जाणे.

तू झोपडीत त्या विजेच्या दिव्याखाली गेलीस. तोवर लायकान रोज दोनदा पेज घेऊन यायची, मन लावून भरवायची. तिलाही मी वाईट म्हणणार नाही. तुझा अंबाडा सुटून गादीवर पसरला होता, तो मी बांधायला गेले तर तू चांगल्या हातानं माझा हात बाजूला केलास. दुखवट्याच्या जेवणाला बिंगगिननं गावातला एक माणूस सोडला नाही. सात पदार्थ, शेवटचा भरला मासा, दुसऱ्या आचाऱ्याच्या हातचा. लोक म्हणाले, आत्याचं नशीब थोर. मी ताट उपडं घातलं आणि घरी आले.

तुला ठाऊक नाही अशी एकच गोष्ट आहे, ती सांगते. त्या दिवशी मी आत्यांच्या घरात धावत शिरले ना, तेव्हा अजून तोंडातून शब्दही काढला नव्हता. मधल्या खोलीतलं टेबल पुसून लखलखीत केलेलं होतं. त्यावर एक रिकामी ताटली, जेवायच्या काड्यांची एकच जोडी. आऊताई टेबलाशी बसली होती. रोजच बसायची म्हणे, आपण येऊन गेलो त्या दिवसापासून. तिला माणूस नीट दिसत नसे, पण सावली कळायची. माझी सावली उंबऱ्यावर पडली तशी ती सावरून बसली, ताटली पुढे सरकवली, आणि म्हणाली, "आणलास का गं मासा?"